सवाई माधवराव मुलांच्या हाती देताना: नाशिकच्या बालविभागातल्या पुस्तकांचं परीक्षण

सवाई माधवराव पेशव्यांवरचं मुलांसाठीचं पुस्तक दुकानात हातात घेतलं की ते बहुधा दोनच ठिकाणी उघडतं. एक वडील नारायणरावांचा खून आणि दुसरं शनिवारवाड्यावरून पडणं. रंगीत चित्रं तिथंच, जाड ठसा तिथंच, उद्गारचिन्हांचं तर विचारूच नका. या दोन घटनांच्या मध्ये बावीस वर्षं आहेत आणि ज्याच्या नावानं पुस्तक विकलं जातं तो मुलगा त्या बावीस वर्षांत राहतो. म्हणून आमची पहिली चाचणी अगदी साधी आहे. पुस्तकात एक तरी असं पान शोधा ज्यात काहीच घडत नाही. मुलगा उठतो, मोडी गिरवतो, घोड्यावर बसतो, जेवतो आणि दिवसभर त्याच्याभोवती कारभारी नाना फडणवीसांची माणसं उभी असतात. असं एक पान सापडलं तर पुढचं परीक्षण करायचं. नाही सापडलं तर पुस्तक खाली ठेवायचं. मुखपृष्ठ कितीही देखणं असो.

मेन रोड, एम.जी. रोड, कॉलेज रोडवरची दुकानं, शाळांमधली प्रदर्शनं आणि वाचनालयांचे बालविभाग धरले तर ही पुस्तकं ढोबळमानानं तीन प्रकारांत येतात. एकेका पुस्तकाला गुण देत बसलेलो नाही. प्रकार ओळखता आला की निम्मं काम होतं आणि उरलेलं पुढच्या तपासणीत होतं.

पहिला प्रकार बत्तीस पानी, पिना मारलेल्या रंगीत पुस्तिकांचा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी म्हणून त्या विकल्या जातात, पण मजकूर त्या वयाचा नसतो. चार ओळींत खून, दोन ओळींत बारभाई (बाळाच्या नावानं कारभार हाती घेणारी मंडळी), एका ओळीत खर्ड्याची लढाई. जागाच नाही, लेखक तरी काय करणार! या पुस्तिका चित्रांसाठी घ्यायच्या असतील तर घ्याव्यात. दुसरा प्रकार साधारण ९६ ते १२८ पानांच्या, डेमी आकाराच्या चरित्रकथांचा. खरा विचार करण्याजोगा माल इथंच आहे. तिसरा प्रकार मोठ्यांच्या वाचनाचा मसाला कापून 'कुमारांसाठी' केलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांचा. संक्षेप करताना कारस्थानं जशीच्या तशी राहतात आणि पोराचे खेळ, अभ्यास, आजारपण कापलं जातं, म्हणजे नेमकं उलटं. चौदा वर्षांच्या पुढच्या सवयीच्या वाचकाला हा प्रकार झेपतो. त्याखालच्या मुलाला तहांच्या नावांतच झोप येते.

आता दुसऱ्या प्रकाराकडे जरा सावकाश पाहू.

आधी वयं तपासा. या कथेत चुका होतात त्या तारखांच्या नव्हेत, वयांच्या. सवाई माधवराव जन्मले १८ एप्रिल १७७४ रोजी, पुरंदरावर. वडील नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ लाच मारले गेले होते, म्हणजे बाप पाहिलेलाच नाही. पेशवाईची वस्त्रं मिळाली २८ मे १७७४ ला, वय चाळीस दिवस. आई गंगाबाई १७७७ मध्ये गेली, तेव्हा हा तीन वर्षांचा. रमाबाईशी लग्न १० फेब्रुवारी १७८३ ला झालं, तेव्हा नववं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. महादजी शिंद्यांनी पुण्यात फर्मानबाडीचा, म्हणजे बादशाही फर्मान स्वीकारण्याचा, मोठा समारंभ केला तो जून १७९२ मध्ये, वय अठरा. रमाबाई जानेवारी १७९३ मध्ये वारल्या आणि त्याच वर्षी यशोदाबाईंशी दुसरं लग्न झालं. निजामाविरुद्धची खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची, वय वीस वर्षं अकरा महिने. २५ ऑक्टोबर १७९५ ला वाड्यावरून पडणं आणि २७ ला मृत्यू, वय साडेएकवीस. पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पेन्सिलीनं हे वय लिहून पाहा. मग दिसतं की 'बाळ पेशवा' असं म्हणत म्हणत लेखकानं त्याला खर्ड्यापर्यंत आठ वर्षांचाच ठेवलाय, किंवा पाचव्या वर्षी त्याच्या तोंडी राजनीतीची भाषणं घातली आहेत. दुसरी चूक जास्त दिसते. पाच वर्षांचं पोर 'हे स्वराज्य रक्षिण्यास आम्ही समर्थ आहोत' म्हणत असेल तर ते पोर नव्हे, १५ ऑगस्टच्या भाषणाचा स्पर्धक आहे.

मुखपृष्ठावरही वय चुकतं. जेम्स वेल्स या चित्रकारानं पुण्यात काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं तैलचित्र १७९२ चं आहे. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे आणि त्याच्या छापील प्रती सगळीकडे फिरतात. त्यात बसलेला पेशवा अठरा वर्षांचा तरुण आहे. त्याच चित्राखाली 'बालपेशवा' छापलं असेल तर आतही अशीच हातघाई असणार, असं धरून चालावं. याहून मोठा घोटाळा म्हणजे थोरल्या माधवरावांचं, म्हणजे सवाईंच्या काकांचं, चित्र सवाईंच्या पुस्तकावर. तसंही होतं.

नावांचा गुंता हा या विषयाचा खरा शत्रू आहे. माधवराव दोन, बाजीराव दोन, चिमाजीअप्पा दोन (एक वसई जिंकणारे, थोरल्या बाजीरावांचे भाऊ) आणि रमाबाईही दोन: थोरल्या माधवरावांबरोबर १७७२ मध्ये थेऊरला सती गेलेल्या त्या वेगळ्या, सवाईंची बायको ती वेगळी. मुलांना ही दुसरी रमाबाई हमखास पहिली वाटते आणि 'ती तर सती गेली ना?' असा प्रश्न येतो. चांगल्या पुस्तकात पहिल्या चार पानांतच वंशावळ असते आणि ती एका दृष्टिक्षेपात मावते. नानासाहेब आणि रघुनाथराव हे भाऊ वरच्या ओळीत, नानासाहेबांखाली विश्वासराव, थोरले माधवराव, नारायणराव, रघुनाथरावांखाली दुसरा बाजीराव आणि धाकटा चिमाजी, नारायणरावांखाली सवाई माधवराव. एवढं पुरे. बाळाजी विश्वनाथांपासून सगळे भाऊबंद कोंबलेली वंशावळ शोभेची असते. वंशावळच नसेल तर पुस्तक देण्याआधी आतल्या कोऱ्या पानावर आपणच काढून द्यावी, दहा मिनिटांचं काम आहे. काढताना मुलांना एक गंमत दाखवता येते. नात्यानं दुसरा बाजीराव सवाई माधवरावांचा चुलतकाका, पण वयानं नऊ महिन्यांनी लहान. धाकटा चिमाजी तर काका असून दहा वर्षांनी लहान.

तारखांची उलटतपासणी घरबसल्या होते. पुस्तकात शक दिला असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. सवाईंचा जन्म वैशाख शुद्ध सप्तमी, शके १६९६: अधिक ७८ म्हणजे १७७४, बरोबर. बाजीरावाचा जन्म जानेवारी १७७५ चा, शक मात्र तोच १६९६, कारण पाडवा यायचा होता. सरसकट ७८ मिळवणाऱ्या लेखकाचा बाजीराव वर्षानं मोठा होतो आणि काका-पुतण्याची सगळी गंमत उलटी फिरते. मूळ कागदांत याशिवाय अरबी सन येतो. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. हे वर्ष मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सांध्यावर बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. गणिताची आवड असलेल्या मुलाला हे कोडं म्हणून द्या, चरित्रापेक्षा जास्त आवडतं.

शब्दांची चाळणी यानंतर. मजकुरात 'राजा', 'सिंहासन', 'मुकुट' किती वेळा येतात ते मोजा. पेशवा हा छत्रपतींचा प्रधान. वस्त्रं साताऱ्याहून येतात, बसायची ती गादी, डोक्यावर पगडी आणि तिला शिरपेच. मुलांना परीकथेची सवय असते म्हणून लेखक 'राजपुत्र' लिहून मोकळे होतात, पण त्यानं कथेचा कणाच मोडतो. चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावानं वस्त्रं का आणावी लागली आणि कारभारी मंडळींना या बाळाची एवढी गरज का होती, हे 'राजपुत्र' म्हटल्यावर कळतच नाही. रघुनाथराव हयात होते आणि हक्क सांगत होते, त्यांना रोखायचं तर नारायणरावांचा वारस हवा होता. म्हणून गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेलं, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई सोबत होत्या. या मुलाच्या जन्मावर सबंध पक्ष उभा होता. बारा वर्षांच्या वाचकाला हे नीट सांगितलं तर नक्की समजतं आणि मग त्या पोराला खेळतानाही एकटं का सोडत नसत, याचा उलगडा होतो.

ताटातल्या चुका तुलनेनं किरकोळ, पण हसू आणणाऱ्या. पेशव्यांच्या पंगतीत टोमॅटोचं सार, सकाळी चहा, असं काही दिसलं की समजावं, लेखकानं आपल्याच स्वयंपाकघरात डोकावून लिहिलंय. गणपतीचा उत्सव वाड्यात होताच, मात्र चौकाचौकांत मंडप आणि मिरवणुका दाखवल्या असतील तर लेखक शंभर वर्षं पुढं गेलाय. याउलट लग्नाच्या वर्णनाला खरा आधार आहे. त्या सोहळ्याच्या व्यवस्थेबद्दल नानांनी काढलेली बारीकसारीक सूचनांची याद प्रसिद्ध आहे. लग्नाच्या प्रकरणात सनई-चौघडा, हत्ती, रोषणाई एवढंच असेल आणि कोणाला कुठं बसवायचं, पंगत कशी सांभाळायची यावर अवाक्षर नसेल, तर लेखकानं हाताशी असलेलं सोनं सोडलं म्हणायचं.

खुनाचं प्रकरण कसं लिहिलंय यावर पालक सगळ्यात जास्त बिचकतात. आमच्या मते दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला खून सांगायला हरकत नाही, चवीनं सांगायला आहे. सुमेरसिंग गारदी (गारदी म्हणजे पगारी शिपाई), वाड्यातली धावपळ, 'काका, मला वाचवा' ही हाक, एवढ्यावर प्रसंग उभा राहतो. जखमांची मोजदाद नको. मात्र 'ध'चा 'मा' दिसला की थांबा. 'धरावे'चं 'मारावे' रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी केलं, ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण ती दंतकथा म्हणूनच सांगायला हवी. चांगला लेखक 'असं म्हणतात' हे दोन शब्द घालतो आणि पुढच्याच पानावर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे रघुनाथरावांना दोषी धरतात तो प्रसंग ठेवतो. वाईट लेखक आनंदीबाईंना कैकेयी करून टाकतो, दिवा घेऊन अक्षर खोडताना त्यांचं चित्रही काढून घेतो आणि तेच चित्र मुलाच्या डोक्यात कायमचं बसतं.

नाशिकच्या मुलाच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण आनंदीबाई इथं पुस्तकात नाहीत, सिटी बसच्या पाटीवर आहेत. अशोकस्तंभावरून गंगापूर रोडला लागलं की चार-पाच किलोमीटरवर आनंदवल्ली. आधीचं नाव चावंडस, रघुनाथरावांनी इथं वाडा बांधला आणि बायकोच्या नावानं गाव ओळखलं जाऊ लागलं. त्याच रस्त्यानं सोमेश्वर ओलांडून पुढं गेलं की गंगापूर, आणि तिथं राहिल्या गोपिकाबाई: नारायणरावांच्या आई, सवाई माधवरावांच्या आजी. विश्वासराव पानिपतावर, थोरले माधवराव क्षयानं, नारायणराव गारद्यांच्या हातून, असे तीन मुलगे गमावलेली बाई एका टोकाला आणि ज्यांच्यावर त्या खुनाचा ठपका आला त्यांचं नाव दुसऱ्या टोकाला. एकच रस्ता. पुण्यात लिहिलेल्या पुस्तकांत हा रस्ता येत नाही, यात नवल नाही. नाशिककरांनी तो आपण जोडून द्यायचा.

गोपिकाबाईंनी नातवाला दिनचर्येचा उपदेश लिहून पाठवला होता. पहाटे उठण्यापासून स्नानसंध्या, अभ्यास, कारभाराची समज, वडीलधाऱ्यांचा मान इथवर. आम्ही म्हणतो ते 'काहीच न घडणारं पान' लिहायला याहून चांगला कच्चा माल नाही. आजी इकडे गोदेकाठी, नातू तिकडे वाड्यात आणि मध्ये कागद. या उपदेशपत्राचा वापर पुस्तकानं कसा केलाय ही आमची दुसरी मोठी चाचणी. काही पुस्तकं त्याचं सुविचारांचं पान करतात, चौकटीत, खाली कमळाचं चित्र. काही त्याचा उल्लेखच करत नाहीत. ज्या पुस्तकात मुलगा तो कागद वाचताना कंटाळतो, किंवा त्यातलं एखादं कलम चुकवतो, ते पुस्तक डोळे मिटून घ्यावं.

वाड्यातल्या करमणुकीबद्दलही असंच. पर्वतीच्या पायथ्याशी या पेशव्याचा प्राणिसंग्रह होता. तिथल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या कलाकारानं १७९० मध्ये काढलं, ते आजही पाहायला मिळतं. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं लहानग्या पेशव्यासाठी बांधलं असं सांगतात. नाव हजारी असलं तरी तोट्या दोनशेच्या आतच. गेंडा आणि कारंजं ज्या पुस्तकात नाही त्या पुस्तकाला मुलांसाठीचं कसं म्हणायचं? चित्रकारांसाठी एक खूण: वाड्याच्या वरच्या इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. आज उरलाय तो तट, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती. चित्रात सवाई माधवराव आजच्यासारख्या मोकळ्या हिरवळीवर खेळत असतील तर चित्रकारानं सहलीतला फोटो समोर ठेवून काम उरकलंय.

शेवटाबद्दल थोडं. तो अपघात होता, तापातली भ्रमिष्टावस्था होती की जाणूनबुजून टाकलेली उडी, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. मुलांच्या पुस्तकानं एकच उत्तर ठामपणे देणं हा आमच्या लेखी दोष. आत्महत्या म्हणून रंगवणं तर दहा-बारा वर्षांच्या वाचकासाठी घातक. पण 'पाय घसरून पडले' म्हणत मोकळं होणंही खोटं, कारण त्याआधीचे महिने मग अर्थहीन होतात. दसऱ्यानंतरच्या त्या दिवसांत ते आजारी होते, कारंज्यावर पडले, दोन दिवस जगले. एवढं सरळ सांगावं, दोन्ही मतं नोंदवावीत आणि थांबावं. ज्या पुस्तकात त्या दोन दिवसांना जागा आहे ते बहुधा बाकी ठिकाणीही प्रामाणिक निघतं. वाचून दाखवत असाल तर हे प्रकरण रात्री झोपताना घेऊ नका. सुट्टीच्या सकाळी घ्या आणि मागून बोलायला अर्धा तास मोकळा ठेवा.

त्याआधीचा एक प्रसंग मात्र असायलाच हवा. शिवनेरीवर नजरकैदेत असलेल्या दुसऱ्या बाजीरावानं पहाऱ्यावरच्या बळवंतराव नागनाथांच्या हातून सवाई माधवरावांना चोरून पत्र पाठवलं. तुम्ही तिथं कैदेत, मी इथं कैदेत, पण आपली मनं मोकळी आहेत, अशा अर्थाचा त्यातला मजकूर इतिहासकार ग्रँट डफनं दिला आहे. नानांना कळलं, बळवंतरावांना बेड्या पडल्या, पेशव्याला बोल लावले गेले. गादीवर बसलेला कैदी आणि गडावर ठेवलेला कैदी, जवळजवळ एकाच वयाचे. या एका प्रसंगात सबंध बालपणाचा हिशेब येतो. मुलांना तो लगेच कळतो, कारण चोरून चिठ्ठी पाठवणं आणि पकडलं जाणं हा त्यांच्या वर्गातला रोजचा मामला आहे. इथं नानांना खलनायक करणारं पुस्तक आम्ही एक पायरी खाली ठेवतो. त्यांनी वीस वर्षं राज्य सांभाळलं आणि मुलाला श्वास घेऊ दिला नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर मावू शकतात.

आता कागद, शिलाई, ठसा. डेमी आकारात एक फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच) सोळा पृष्ठांचा, म्हणून ९६, ११२, १२८ असे आकडे दिसतात. पुस्तक मधोमध उघडून पाठीकडून पाहा: फर्मे दोऱ्यानं शिवलेले आहेत की पानं कापून नुसती गोंदानं चिकटवलीत? नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात नुसत्या गोंदाची पाठ तडकते आणि पहिल्यांदा सुटतं ते नेमकं वंशावळीचं पान, कारण तेच सारखं उघडलं जातं. वाचनालयासाठी घेत असाल तर शिवलेलीच प्रत घ्या. कागद निदान ७० जीएसएमचा मॅपलिथो हवा. त्याखाली मागचा मजकूर पुढं दिसतो आणि चित्राच्या पाठीवरची ओळ वाचता येत नाही. ठसा दहा वर्षांच्या मुलाला १४ पॉइंट, बारा-तेराच्या मुलाला १२ चालतो.

जोडाक्षरांसाठी एक शब्द शोधा: 'कारभाऱ्यांनी'. या विषयावरच्या पुस्तकात तो दर दोन पानांनी येतोच. जुन्या फॉन्टमधून नव्यात मजकूर आणताना 'ऱ्य' मोडतो आणि 'कारभार्यांनी' असं काहीतरी छापलं जातं. हा शब्द नीट असेल तर मुद्रितं कोणीतरी डोळे उघडे ठेवून वाचली आहेत. 'गारद्यांनी', 'साताऱ्याहून', 'वाड्यावरून' हेही पाहून घ्या. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटं लागतात.

मोठ्यानं वाचायचं तर १४ पॉइंटच्या डेमी पानाला साधारण दोन मिनिटं धरा. एका बैठकीला दहा पानं, वीस मिनिटं, त्यापुढे लहान मुलं चुळबुळतात. १२८ पानांचं पुस्तक तेरा बैठकांत संपतं. पहिली बैठक फक्त वंशावळ आणि नकाशा: पुणे, पुरंदर, सातारा, नाशिक, कोपरगाव, शिवनेरी एवढ्याच सहा खुणा. तहांची प्रकरणं, म्हणजे सुरत, पुरंदर, वडगाव, सालबाई, एका बैठकीत गुंडाळावीत. पाठ करायला लावलं की पुस्तक शाळेचं होतं आणि मग मूल ते हातात घेत नाही. विकत घेण्याआधी टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात चक्कर मारावी, १८४० पासूनची संस्था आहे. या विषयावरची जुनी, छापायची थांबलेली पुस्तकं दुकानांपेक्षा वाचनालयांच्या कपाटांत मिळण्याची शक्यता जास्त.

पुस्तक निम्म्यावर आलं की गंगापूर रोडची सकाळ काढा. शेवटानंतर नको, तेव्हा मुलं उदास असतात आणि दगड बघायला तयार नसतात. आनंदवल्लीला नवश्या गणपती, नदीकाठ. रघुनाथरावांचा वाडा आज पाहायला मिळत नाही, हे निघण्याआधीच सांगून ठेवा, नाहीतर 'वाडा कुठंय?' यातच तास जातो. मग सोमेश्वर, मग गंगापूर गाव. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याशी मुलांना कठड्याच्या आतच ठेवा. धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता वाढते. पेशवेकालीन बांधणी पाहायची असेल तर परतताना सराफ बाजारातला सरकारवाडा: खाली दगड, वर लाकूड. शनिवारवाडा जळण्याआधी कसा दिसत असेल, याचा अंदाज मुलांना या लाकडी खांबांवरून बांधता येतो. पुरंदरचा बेत वेगळा करावा लागतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, मोठ्यांचं ओळखपत्र लागतं आणि संध्याकाळच्या आत उतरावं लागतं.

आनंदवल्लीला उभं असताना मुलांना एक नाव जरूर सांगा, कारण हाती असलेल्या पुस्तकात ते फार तर एका ओळीत असेल. रघुनाथराव डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला वारले आणि मार्च १७८४ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा चिमाजी जन्मला. सवाई माधवरावांसारखाच, बाप न पाहिलेला. आई आणि भावाबरोबर तोही पहाऱ्यात वाढला. १७९३ मध्ये सगळ्यांना इथं आनंदवल्लीला आणलं, १७९४ मध्ये आनंदीबाई इथंच गेल्या आणि दहा वर्षांच्या चिमाजीला भावासोबत शिवनेरीवर नेलं. दोन वर्षांनी सवाई माधवरावांच्या विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर त्याला दत्तक बसवला, म्हणजे काका पुतण्याचा मुलगा झाला, आणि बारा वर्षांच्या या पोराला पेशवा केलं. वर्ष संपायच्या आत गादी भावाकडे गेली, दत्तक रद्द ठरला. पुढं पेशवाई बुडाल्यावर तो काशीला गेला.

दहा ते चौदा वयोगटासाठी हा विषय सवाई माधवरावांइतकाच तोलाचा, नाशिकसाठी तर घरचाच. दुकानात 'चिमाजीअप्पांवर मुलांचं काही आहे का' म्हणून विचारून पाहा. 'आहे की,' म्हणत वसईवाल्या चिमाजीअप्पांचं पुस्तक हातात ठेवतील.